चावा लपवणारी

प्रिय शुभे,

गेल्या रविवारी सतीशभाऊजी तुझी कॉमिक्स घेऊन आले. त्यांनी आणि तुझ्या रुचानं दिवाळीची साफसफाई काढली होती. चौदा खंड, सुतळीनं घट्ट बांधलेले. "तुमच्याकडेच राहू द्या, ताई," म्हणाले, "आमच्या घरी हे मेलेल्यायचं पुस्तक आता कोन वाचते?" चहासुद्धा न घेता गेले.

तीन दिवस मी सुतळी सोडली नाही. तुझ्या माघारी ती उघडायची म्हणजे तुझ्या कपाटात हात घालण्यासारखं वाटत होतं. बुधवारी नववा खंड हातात घेतला आणि आतून एक चिठ्ठी पडली. दवाखान्याची. तुझं नाव, तुझं वय, पुढच्या वेळी कुठल्या खोलीत यायचं ते. आणि वर तारीख, संक्रांतीच्या आधीची.

शुभे, मला तुझा आजार जूनमध्ये कळला!

म्हणजे जानेवारी ते जून तू रोज संध्याकाळी ग्राउंडवर माझ्या शेजारून चालत होतीस आणि तुला ठाऊक होतं? आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं ते याच गोष्टीवरून. तेव्हा मला वाटलं होतं, तू दोन-तीन आठवडे लपवलं असशील. एवढं? माझ्यापासून? का? हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून लिहितेय.

आपल्याला ही मालिका लागली कशी, आठवतं? रुचा मोबाइलवर पाहत होती आणि तू तिचा डबा भरता भरता एक भाग पाहिलास. दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "वैशू, एक मालिका पाह्य वं. सासू नाही, सून नाही. समदे मेलेले हायेत. लय शांत वाटते."

उठून चालणाऱ्या, जिवंतांना चावणाऱ्या त्या मेलेल्यांना आपण 'पाहुणे' म्हणायचो. न बोलावता येतात, दार उघडलं की घरभर होतात आणि जायचं नाव घेत नाहीत. एकदा मी फोनवर ओरडले, "अगं, पाहुण्यांनी म्हाताऱ्याला खाल्लं!" आणि तुझा फोन स्पीकरवर होता. तुझ्या सासूबाई आठवडाभर विचारत होत्या, वैशालीकडं असं कोण उतरलंय म्हणून!

मग तू भाच्याकडून मूळ कॉमिक्स मागवलीस. मी म्हटलं, एवढं इंग्रजी वाचणार कधी? "चित्रं पाह्यले इंग्रजी कायले लागते?" असं म्हणत तू महिनाभरात चौदाही खंड संपवलेस. त्या दिवसापासून आपल्यात एक नियम आला. नियम माझाच होता. तू पुढचं वाचलेलं, मी फक्त मालिका पाहणारी. तेव्हा कॉमिक्समधलं काही सांगायचं नाही. मी तर्क करीन, तू ऐकायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा.

किती छान जमायचा तुला तो चेहरा! मी विचारायची, "डॉक्टरीण मरते का गं?" आणि तू समोरच्या कडुनिंबाकडं अशी बघायचीस, जणू त्याच्या फांद्या मोजतेस. आता वाटतं, दोन वर्षं मीच तुझ्याकडून तो चेहरा घोटून घेतला. ठाऊक असूनही काही न दाखवण्याची सवय मीच तुला लावली.

पण तूही कमी नव्हतीस. मालिकावाल्यांनी कॉमिक्स सोडून वेगळी वाट धरली तेव्हा तू तुझा सिद्धांत मांडलास. गणिताची बाई ना तू! म्हणालीस, कॉमिक्समध्ये ज्याचं मरण लिहिलंय तो मालिकेत वाचला, तर ते मरण रद्द होत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर जातं. "बदली होते वं. आमच्या शाळेवानी. एकाची थांबवली का दुसऱ्याले जा लागते." ग्राउंडच्या तीन चकरा आपण फक्त यावर भांडलो होतो, कोणाचं मरण कोणाला लागणार म्हणून. मागून छत्री टेकत विद्याताई यायच्या आणि म्हणायच्या, "काय वं पोरीहो, आज कोनाले मारलं?"

आणि मग, फेब्रुवारीत, ती शिंपीण. गेल्या सीझनच्या शेवटच्या भागात तिनं अचानक हातमोजे घातले. वाचलेल्यांच्या छावणीत कपडे शिवणारी बाई, सुई हातात आणि हातात मोजे! जगभरचे चाहते त्या एका दृश्यावर तुटून पडले. पाहुण्यांनी चावलंय, आता तीही त्यांच्यातलीच होणार, आणि लपवतेय. कॉमिक्समध्ये शिंपीणच नाही, त्यामुळे तुझ्याकडंही उत्तर नव्हतं. त्या वेळी आपण दोघी बरोबरीच्या होतो.

मी ठाम होते. चावलेलीच आहे. तू ऐकायला तयार नव्हतीस. तिला थंडी वाजत असेल, बोटं दुखत असतील, टाके बघ किती सरळ आहेत. तू तिची वकिली का करत होतीस, शुभे? तुला ते दृश्य दाखवून मी म्हटलं होतं, "मला पाहुण्यांचा राग येत नाही. ते मेलेलेच आहेत. पण चावा लपवणारी! जिवंत माणूस असून आपल्याच लोकांना फसवते."

तू विचारलंस, "अन् तिनं सांगितलं असतं तं? काय केलं असतं तिच्या लोकायनं?"

"हाकललं असतं," मी म्हटलं. "मी तर पहिली."

तू "बरं" म्हणालीस. फक्त "बरं". गेले चार दिवस मी ते "बरं" पुन्हा पुन्हा ऐकतेय. एखादं दृश्य थांबवून, मागं नेऊन बघायचो ना, तसं. त्यात काय होतं? हसू होतं का? मला नीट ऐकू का येत नाही?

मग मी सगळाच उन्हाळा मागं नेऊन पाहिला. मार्चपासून तुझ्या अंगात तो निळा सनकोट. माझ्याही अंगात होताच. अख्ख्या नागपुरात उन्हाळ्यात कुठल्या बाईचे हात दिसतात? तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, बाह्या मनगटापर्यंत. स्कूटीवरून जाणारी प्रत्येक बाई काहीतरी लपवून चालल्यासारखीच दिसते. पण ऊन उतरल्यावरही तू तो काढायची नाहीस. मेमध्ये माझ्याकडं कैरीचं पन्हं प्यायला आलीस, कूलरसमोर बसलीस, तरी अंगात सनकोट. मी म्हटलंसुद्धा, "काढ की, शिजशील." तू म्हणालीस, "राहू दे वं, पुन्हा घाला लागते." दंडातून औषध द्यायला बसवलेली ती बारीक नळी तेव्हा बाहीच्या आतच होती ना? माझ्यापासून हातभर अंतरावर!

शिंपिणीचे मोजे मी पहिल्या झटक्यात पकडले होते.

मग माझा संशय विद्याताईंवर गेला. एप्रिलपासून त्या तुझ्या डोक्यावर छत्री धरून चालू लागल्या होत्या. मला वाटलं, हिला सांगितलंय तर! दोन वर्षं सगळं माझ्याशी बोललीस, आणि खरी गोष्ट मागून येणाऱ्या बाईला? मत्सर म्हण हवं तर. काल संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या.

मी विचारलं, "शुभानं तुम्हाला कधी सांगितलं?"

"काय?"

"आजाराचं."

"मले? मले कोनी काही सांगितलं नाही."

"मग छत्री कशाला धरत होता?"

त्यांनी जुडी खाली ठेवली. "डोळे हायेत ना मले. ती आधी पाच चकरा मारे, मंग तीन, मंग दोन. तू बोलत बोलत पुढं जाय, ती मागं थांबून दम घे. तू वळली का ती चालू लागे. ग्राउंडवरच्या समद्या बाया पाहून राहिल्या होत्या, वैशाली."

"तुम्हाला कळलं होतं, तर मला का नाही सांगितलं?"

"तुले?" त्या खरंच चकित झाल्या. "तू तं तिची जिवाची! मले वाटे, तुले समदं ठाऊक हाये. ठाऊक असून तू तिचं मन रमवून राहिली. मी घरी आमच्या ह्यायले म्हनो बी, काय पोरगी हाये, एक दिवस बिमारीचं नाव काढत नाही."

मी तिथेच ओट्यावर बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. मी त्यांना सांगितलं नाही की मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली.

रात्रभर मी एकाच गोष्टीपाशी अडकले होते. विद्याताईंना जे वाटलं, तेच तुलाही वाटत होतं का? वैशूला कळलंय, पण ती मुद्दाम बोलत नाही, पुढचं सांगायचं नाही हा आपला नियमच पाळतेय, असं?

आणि मग पहाटे मला होळीच्या आसपासची ती संध्याकाळ आठवली. तू नववा खंड ग्राउंडवर घेऊन आली होतीस. कॉमिक्स तू कधीच बाहेर आणायची नाहीस, पानं दुमडतील म्हणून. आपण बाकावर बसलो. तू मधलं कुठलंसं पान उघडलंस आणि म्हणालीस, "वैशू, हे पाह्य." मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "नको, नको, नको! पुढचं दाखवू नकोस!" मी हसत होते. तू खंड मिटलास. मला वाटतं, थोडा वेळ तू तो मांडीवर तसाच धरून होतीस. नक्की सांगता येत नाही. माझे डोळे झाकलेले होते.

तिथे फक्त एखादं चित्र असेल. तुला शिंपिणीबद्दल काही पुरावा सापडला असेल. चिठ्ठी नंतर कधीतरी खूण म्हणून ठेवली असशील. असं मी स्वतःला चार वेळा सांगून पाहिलं. आपणच म्हणायचो ना, चाहत्यांना हवं ते कुठल्याही चित्रात दिसतं? मलाही ते पान आता हवं तसं दिसत असेल. पण मग तू तो जाड खंड तेवढ्यासाठी घरून ग्राउंडपर्यंत का आणलास?

जूनमध्ये भाऊजींचा फोन आला, तुला भरती केलंय म्हणून. मी धावत आले. तुझ्या दंडावरची पट्टी पाहिली आणि विचारपूस राहिली बाजूला, मी तुझ्यावर ओरडले. "माझ्यापासून लपवलंस? मला परकी समजलीस?" शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसली. तू नुसती माझ्याकडं बघत राहिलीस, कपाळाला आठी घालून. मी तो चेहरा वाचला, पकडली गेली म्हणून गप्प आहे! किती हुशार मी! आता वाटतं, तुला कळतच नव्हतं मी काय बोलतेय ते. तू दोन पावलं मागं राहून दम घेत होतीस, तेव्हा मी शेजारीच तर होते.

मी निघून गेले. चार दिवस आले नाही. पाचव्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला.

तेराव्याच्या दिवशी रुचा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आई दाराकडं बघायची. मी तिला सांगितलं, मावशीला ताप असेल, म्हणून आली नाही. होता ना ताप?" मी म्हटलं, "हो गं, खूप होता." तिनं माझा हात धरला. त्यानंतर भाऊजींनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. विद्याताईंनाही. आता तर अंगावर शहारा येऊन तो ताप मला आठवूही लागलाय.

शुभे, मला ताप नव्हता. मी घरीच होते. एका संध्याकाळी तर मी ग्राउंडवर जाऊन पाच चकरा मारून आले, रागारागात, एकटी. तू बोलवावंस, माफी मागावीस, म्हणून वाट बघत होते. तू दाराकडं बघत होतीस आणि मी तुझ्या फोनची वाट बघत होते.

तू लपवलंस का, याचं उत्तर मला आता मिळणार नाही. खंड मी पुन्हा चाळणार नाही, चिठ्ठी उन्हात धरून बघणार नाही. तू लपवलं असशील, तर माझ्या त्या "हाकललं असतं"नंतर तुझं काय चुकलं? आणि लपवलं नसशील, तर मी तुला कशाची शिक्षा दिली?

रविवारी मी तुझ्या घरी जाणार आहे. भाऊजी सकाळी भाजी आणायला जातात, पण मी ते परत येईपर्यंत थांबेन, दोघांसमोर बोलायचंय. ताप नव्हता, हे रुचाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. ती उठून आत गेली, तर मी बैठकीत बसून राहीन. तिनं "जा" म्हटलं, तर जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन. तिनं विचारलं, "आई वाट बघत होती हे तुला ठाऊक होतं का?", तर त्याचंही खरं उत्तर देईन. ठाऊक होतं.

हे वचन मी तुला देतेय.

तुझी
वैशू