‘नाही’वर आधीच केलेल्या खुणांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
माता व बाल आरोग्य केंद्र.

विषय : बाळंतिणींना न विचारता भरलेले मनःस्वास्थ्याचे फॉर्म रद्द करून अर्जदाराच्या सुनेला उद्याच डॉक्टरांनी तपासण्याबाबत.
संदर्भ : सहाव्या आठवड्याची तपासणी.

महोदय,

१. अर्जदार आपल्या केंद्रासमोर झेरॉक्सचे दुकान चालवते. तिची सून सहा आठवड्यांची बाळंतीण आहे. बाळाला पाजते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. ताट तसेच राहते. “आम्ही नाही का बाळंतपणं काढली?” असे अर्जदारानेही तिला सुनावले. त्याची आता लाज वाटते.

२. तपासणीत बाळाचे वजन दोनदा झाले. आईला “कशी आहेस गं?” एवढेही कोणी विचारले नाही. तरी तिच्या फॉर्मवर दहाही प्रश्नांपुढे ‘नाही’वर खूण होती.

३. त्या फॉर्मच्या कडेला काळी रेघ आहे. अर्जदाराच्या यंत्राच्या काचेला चरा गेल्यापासून ती प्रत्येक प्रतीवर उमटते. रेघ पाहून अर्जदाराने ओळखले, ही प्रत आपल्याच दुकानातली. गेल्या महिन्यात केंद्राच्या शिपायाने एकच फॉर्म आणून दोनशे प्रती नेल्या होत्या. खुणा त्यावर आधीच होत्या. अर्जदाराने न वाचता प्रती काढून दिल्या. पेनाने फक्त नावे घातली गेली.

४. जाब विचारता परिचारिका म्हणाली, “मावशी, ‘होय’ लिहिलं तर पाठवू कुठं? समुपदेशनाच्या खोलीत लसींचा फ्रिज ठेवलाय.” वा! फ्रिजला खोली आहे, बाळंतिणीला खुर्ची नाही! त्या बिचारीवर राग नाही, ती एकटी ऐंशी जणींना तपासते. राग आपल्यावर आहे, महोदय. फॉर्मखाली सही आपली आहे, आणि तीही झेरॉक्सच.

५. काल अर्जदाराने दुकान बंद ठेवून सुनेला ते प्रश्न स्वतः विचारले. दहावा प्रश्न जीव नकोसा वाटतो का, असा आहे. ती म्हणाली, “होय. पण आई, आधी कुणी विचारलंच नाही हो.” तेव्हापासून अर्जदार तिला क्षणभरही एकटी सोडत नाही.

६. सबब, उद्या केंद्र उघडताच अर्जदार सुनेला व बाळाला घेऊन येत आहे. ‘नंतर या’ ऐकून घेतले जाणार नाही. डॉक्टर बोलवावेत आणि फ्रिज हलवावा. आपल्याला माणूस मिळत नसेल तर अर्जदार हलवेल.

आपली, नम्रपणा संपत आलेली,
समोरची झेरॉक्सवाली
दिनांक : आजचा, आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. सुनेचा, तिला विचारून पेनाने भरलेला फॉर्म.
२. खुणांवर व नावावर कोरा कागद चिकटवून काढलेल्या एकशे नव्याण्णव प्रती. उरलेल्या बायकांना पुन्हा बोलवावे, आणि प्रत्येकीला बसवून विचारावे.