हिरव्या पानाच्या साठ पिशव्या

गिरगाव, मुंबई ४
शुक्रवार

प्रिय जगन,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझा डावा गुडघा कसा आहे? तुझ्या सोनूबाईंचा रक्तदाब? प्रितेशच्या बोटीचं इंजिन सुरू झालं का? ही विचारपूस मी फोनवर केली असती, पण गेले अकरा दिवस तू माझा फोन घेत नाहीस. पहिले तीन दिवस मला वाटलं, फोन चार्जिंगला लावून विसरला असशील. चौथ्या दिवशी तुझ्या नातीने, तेजस्वीने उचलला आणि म्हणाली, "आबा घरात नाहीत असं सांगायला सांगितलंय आबांनी." (मुलगी प्रामाणिक आहे. आपल्या धंद्यात टिकली नसती.) म्हणून पत्र. पत्र कुणी उचलावं लागत नाही, ते दाराच्या फटीतून आत येतं.

एकेचाळीस वर्षांची ओळख साठ पिशव्यांपायी तुटू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. पण आधी झालं कसं ते क्रमाने सांगू दे. तू रागावून मध्येच निघून गेलास, त्यामुळे तुझ्याकडे अर्धीच हकिकत आहे.

सुरुवात त्या परिषदेपासून झाली. लवचीक वेष्टन उद्योगाची राष्ट्रीय परिषद. विषय, वाढ आणि शाश्वतता. (लवचीक वेष्टन म्हणजे वेफरची, मसाल्याची, शांपूची पाकिटं. आपण जन्मभर त्याला नुसतं 'माल' म्हणालो. तेव्हा आपण उद्योगात आहोत हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.) मला ज्येष्ठ म्हणून बोलावलं होतं, पाच मिनिटं. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे वर गेली. देश दरवर्षी किती जास्त पाकिटं फाडतो, ते त्या रेघेत होतं. तिच्या खाली दुसरी रेघ, हिरवी. ती जमिनीलगतच होती, पण पुढे ठिपक्याठिपक्यांनी वर चढत होती. ठिपके म्हणजे अजून न झालेलं. सगळ्यांनी ठिपक्यांसाठी टाळ्या वाजवल्या. दुपारच्या जेवणात लाकडी चमचा होता, तो कागदात, कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी खोक्यात. चमचा बाहेर येईपर्यंत डाळ गार झाली.

माझ्या पाच मिनिटांत मी एवढंच म्हणालो, की आम्ही पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमची पन्नी आणि पॉलिथीन असे तीन थर एकमेकांना असे चिकटवले, की ते देवालाही सोडवता येऊ नयेत. त्याबद्दल दिवाळीला बोनस घेतला. आता तुम्ही म्हणता, ते सोडवता येत नाहीत हाच दोष. लोक हसले. मी विनोद केला नव्हता. पण हशा पिकल्यावर माणूस बिघडतो, तसा मी बिघडलो, आणि बाहेर पडताना यतीन नावाच्या एका तरुण विक्रेत्याने शंभर नमुना पिशव्या हातात दिल्या, त्या घेतल्या. तपकिरी कागद, आत प्लास्टिकचा नावाला एक हात, दर्शनी बाजूला हिरवं पान छापलेलं. "सर, वापरून झाली की सरळ रद्दीत," तो म्हणाला. मला ते पान फार आवडलं. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिस्किटांची चित्रं छापली, पान कधी छापलं नाही.

तुला आपली बरणी आठवते का? परळच्या कारखान्यात, लॅमिनेशनच्या यंत्रामागे ती काचपेटीसारखी खोली. छापलेल्या मालाचा तुकडा काचेच्या बरणीत घालायचा, बरणी तासभर भट्टीत उबवायची, झाकण किलकिलं करायचं आणि नाक लावायचं. शाईच्या द्रावकाचा वास राहिला असेल तर अख्खा रोल परत. तू यंत्रावर आणि मी बरणीवर. यंत्र गरम झालं की गोडसर वास यायचा, पिकल्या केळ्यासारखा. दुपारच्या पाळीला तो खाली गेटपर्यंत उतरायचा. एप्रिलमध्ये लालबागच्या गल्लीत मिरच्या भाजायला लागल्या की वाऱ्याबरोबर त्यांचा खकाणा आत यायचा आणि चाचणी तासभर बंद ठेवावी लागायची. मालकांना हे कधी पटलं नाही. एकदा कोंडीराम फिटरच्या डब्यातल्या सुक्या जवळ्याच्या चटणीमुळे मी चांगले दोन रोल नापास केले, तेव्हापासून डबे खिडकीबाहेर टांगायचा नियम झाला. कामगार मला 'नाकवाले साहेब' म्हणायचे. माझ्या पाठीमागे म्हणायचे असं मला वाटायचं. तूच सांगितलंस की समोरही म्हणतात, मला फक्त ऐकू येत नाही.

तर त्याच जागेवर आता तो टॉवर आहे. माझी भाची मधुरा एकोणिसाव्या मजल्यावर राहते. (म्हणजे आपल्या गच्चीच्या बरंच वर, हवेत. तिथे आपलं काहीच नव्हतं.) तिच्या घरी सोनूबाईंनी वाळवलेले कोळंबीचे सोडे गेले, शेजारणींनी चाखले आणि तिने साठ पाकिटांची मागणी गोळा केली. शीव कोळीवाड्याबाहेरून सोनूबाईंना आलेली ही पहिली मोठी मागणी. बाजारातली जागा गेल्यापासून त्यांना ती किती हवी होती, हे मला माहीत होतं. तरी मी मध्ये पडलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, ती चांदीवाली पिशवी बरी हाय. कोंडून ठेवते." मी त्यांना बाजाराचा कल समजावून सांगितला. दोन्ही रेघा हवेत बोटाने काढून दाखवल्या. त्या सोडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मग तू विचारलंस, "साहेब, तुम्ही तपासलंय ना?" मी म्हणालो, तपासलंय.

आणि तपासलं होतं, जगन. चार पिशव्यांत सोडे भरले, इस्त्रीने तोंडं बंद केली आणि कपाटात शालीच्या घडीत दोन दिवस ठेवल्या. तिसऱ्या दिवशी कपाट उघडून नाक लावलं. काही नाही. शालीला लावलं. काही नाही. मी पाकिटावर तारीख घालून सही केली, जुन्या सवयीने. त्या दोन दिवसांत माझी सून मृणालिनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत होती. मला वाटलं, तिला उकडतंय.

पुढचं तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने ऐक. सोमवारी सकाळी साठ पाकिटं टॉवरच्या पार्सलखोलीत ठेवली. (ती खोली जिथे आहे, तिथेच आपलं यंत्र होतं, असा माझा अंदाज आहे. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची त्या कोनावरून.) त्या खोलीला खिडकी नाही, वातानुकूलनाची जाळी आहे, आणि ती जाळी वरच्या सगळ्या लॉबींना जोडलेली आहे, हे स्थापत्यकाराला माहीत होतं, मला नव्हतं. साडेअकराला आठव्या मजल्यावरून गॅस गळतो अशी तक्रार आली. मग बाराव्या. मग चौथ्या. व्यवस्थापक विनीतने गॅसची मुख्य कळ बंद केली आणि लोकांना जिन्याने खाली उतरवलं. एक गृहस्थ अंगाला साबण लागलेल्या अवस्थेत पंच्यासह उतरले. फक्त एका बाईंचा कुत्रा खुशीत होता. तो पार्सलखोलीच्या दाराशी जाऊन बसला आणि उठेना. तेव्हा सगळ्यांना कळलं.

नेमक्या त्याच वेळी तू आणि सोनूबाई उरलेल्या सुट्या सोड्यांची पाटी घेऊन दारातून आत आलात. सोनूबाई जरीकाठी लुगडं नेसून, डोक्यात फूल माळून आल्या होत्या. विनीत वाईट माणूस नाही. पण तो शंभर माणसांसमोर म्हणाला, "मावशी, हे सगळं मागच्या दाराने बाहेर न्या. लगेच." सोनूबाई म्हणाल्या, "बेचाळीस वरसं बाजारात बसले. माजे पाटीला कुनी ऊठ नाय बोलला." आवाज चढवला नाही. आणि पुन्हा मी मध्ये पडलो. मी मोठ्याने म्हणालो, "वास? कसला वास? मला तर काहीच येत नाही."

लोक हसले. परिषदेतल्यासारखेच. सोनूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तू पाटी उचललीस आणि म्हणालास, "साहेब, ही मस्करीची जागा नाय." आणि तुम्ही दोघं मागच्या दाराने गेलात.

आता दोष कुणाचा, हे शांतपणे पाहू. थोडा कागदाचा. थोडा त्या जाळीचा. थोडा यतीनचा, कारण त्याने ही पिशवी कोरड्या पुदिन्यासाठी बनवली होती, हे त्याने मला नंतर सांगितलं. (मी विचारलं नव्हतं, हे खरं.) थोडा सोनूबाईंच्या सोड्यांचा, ते इतके अस्सल नसते तर आठव्या मजल्यापर्यंत पोचले नसते. थोडा तुझा, तू चांदीवाल्या पिशव्यांचा आग्रह धरायला हवा होतास. पूर्वी तू माझ्याशी भांडायचास. निवृत्तीनंतर फार लवकर ऐकायला लागलास. सगळं मिळवून पाहिलं तर माझ्या वाट्याला फारसं उरत नाही, असं माझं मत आहे.

थोरांना नमस्कार लिहावा, तर आता आपल्याहून थोर कुणी उरलं नाही. तेजस्वीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
अच्युत

ता. क. मधुराचा फोन आला होता. साठही पाकिटं त्याच संध्याकाळी संपली. जे जिन्याने खाली पळाले, त्यांच्यापैकी काहींनी परत जाताना नेली; ते पंचेवाले गृहस्थ दोन घेऊन गेले. आणखी चाळीस हवी आहेत, पण वास कोंडणाऱ्या पिशवीत, आणि पुढच्या दाराने. पुढच्या दाराचं मी विनीतकडून लिहून घेतलं आहे.

ता. क. दुसरं. वरचा दोषांचा हिशेब खोटा आहे. चार वर्षांपूर्वीच्या त्या तापानंतर मला वास येत नाही. सगळ्यांचा गेला होता. सगळ्यांचा परत आला, माझा आला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. मृणालिनीलाही नाही. दूध करपलं तर मी पेपर वाचत बसलेलो असतो आणि ती म्हणते, बाबांचं लक्षच नसतं. मी तेच चालू दिलं. केळ्यासारखा वास, मिरच्यांचा खकाणा, हे सगळं मी आठवणीतून लिहिलं. ते खरंच तसं होतं की आठवून आठवून मी तसं केलं, हे तपासायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. तू 'तपासलंय ना' विचारलंस, तेव्हा 'नाकवाला साहेब' हो म्हणाला. त्या लॉबीत मी मस्करी केली नाही, जगन. मला खरोखरच काही येत नव्हतं. मी एकटाच होतो तसा तिथे.

ता. क. तिसरं. यतीनने नवा माल पाठवला आहे. आतला थर जाड, बाहेरचाही त्याच जातीचा, म्हणजे निदान वितळवून पुन्हा वापरता येईल असं तो म्हणतो. मी आता कुणाचंही नुसतं म्हणणं धरून चालत नाही. माळ्यावरची जुनी बरणी काढून धुऊन ठेवली आहे. रविवारी सकाळी ये आणि वास तू घे. सोनूबाईंनाही आण, त्या नको म्हणाल्या तर ती पिशवी नापास, मग तिच्यावर कितीही हिरवी पानं असोत. आणि त्याआधी हे पत्र त्यांना वाचून दाखव. दुसऱ्या ता. क. पासून सुरुवात केलीस तरी चालेल.