आपला चेंडू असताना

प्रिय कोरिन,

शनिवारी मॅच संपली आणि फोन वाजला नाही. रविवारी चर्चमधून आले तरी नाही. आज मंगळवार उजाडला. तू ऑरेगॉनला गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. जिंकलो की तुझा फोन, आणि हरलो तर मी गाडीपर्यंत पोचायच्या आधी तुझा फोन, "आई, त्या कोचला कुणी कामावर ठेवलं गं?" अशीच सुरुवात. तेव्हा मला कळलंय, तू बघितलंस. नेटवर मॅच दाखवणाऱ्या त्या मेल्यांना अख्ख्या स्टेडियममध्ये नेमकी आमचीच रांग सापडली. बाबांच्या जागेवर बसलेला तो माणूस, आणि त्याच्या दंडावर माझा हात. जोलीन म्हणाली, तीन-चारदा दाखवलं म्हणे, सावकाश करून. तुला राग आलाय. येऊ दे. पण आधी सगळं ऐक, मी काही लपवणार नाही.

त्याचं नाव गेलन. कॉलेजच्या बँडची वाद्यं दुरुस्त करायचा. आता रिटायर झालाय, तरी ट्रम्पेट बिघडली की पोरं अजून त्याच्याच गॅरेजकडे धावतात. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. चर्चमध्ये सूपचं जेवण असतं ना, तिथे मी वाढत होते आणि तो मागे भांडी घासत होता, तिथली ओळख. मूळचा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडचा, हॉकीवर वाढलेला. नेब्रास्कात निम्मं आयुष्य काढलं, पण आपल्या या अमेरिकन फुटबॉलचं त्याला ओ की ठो कळत नाही. मॅचला यायचा तो मध्यंतरात बँड ऐकायला, आणि बँड संपला की टोपी घालून सरळ घरी. असा माणूस आपल्या गावात आहे आणि लोकांनी त्याला अजून हाकलून कसं दिलं नाही, याचंच मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं.

जागेचं तुला काय सांगायचं? बाबा गेले आणि लाइलने जाहीर केलं, ड्वेनच्या जागेवर कुणी बसायचं नाही. पहिलीपासूनचे दोस्त ते, त्याला कोण नाही म्हणणार? तेव्हापासून दर मॅचला मी इकडे, मध्ये बाबांची ती विटलेली उशी, पलीकडे लाइल आणि त्याची जोलीन. येणारे-जाणारे उशीला हात लावून जायचे. आणि खरंच बाई, तेव्हापासून आपण घरच्या मैदानावर एकही मॅच हरलो नाही. झालं! गावाची खात्री पटली. पेपरात उशीचा फोटो आला, तो तू फ्रेम करून दिवाणखान्यात लावलास. मला सगळं माहीत आहे. म्हणूनच इतके दिवस तुला गेलनबद्दल सांगायला माझी जीभ रेटली नाही.

शनिवारी टिल्टनशी मॅच. तू बघितलीच आहेस, पण इकडून कशी होती ते वेगळं. वारा असा की डोळ्यांतून पाणी. मध्यंतर झालं, आणि गेलन बँड ऐकून घरी जायच्याऐवजी माझ्यासाठी गरम कोको घेऊन पायऱ्या चढत वर आला. मी म्हटलं, बस. तो म्हणाला, "नको मार्लिस, ही ड्वेनची जागा आहे. मी तिकडे कठड्याशी उभा राहतो." मी उशी उचलली, माझ्या मांडीवर घेतली आणि म्हटलं, "बस म्हणते ना!" तेव्हा, कोरिन, तो बसला नाही, मी बसवलं. रागवायचंच असेल तर योग्य माणसावर रागाव. लाइलने मान फिरवली ती फिरवलीच. जोलीनने मात्र त्याच्याकडे आपलं पांघरूण सरकवलं.

मग ते शेवटचं मिनिट. आपल्या पोरांनी टचडाउन केला आणि एका गुणाने मागे राहिलो. आता साधी किक मारायची, एक गुण घ्यायचा, बरोबरी, मग जादा वेळात बघून घेऊ. पण कोचच्या अंगात आलं. दोन गुणांसाठी जायचं म्हणे! म्हणजे पुन्हा एकदा चेंडू रेषेपार न्यायचा, नेला तर जिंकलो, नाही तर घरी. आणि अख्खं स्टेडियम चिडीचूप. आपला चेंडू असताना तोंड उघडायचं नाही, नाहीतर पोरांना चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही, हे बाळकडू आपल्याकडे सगळ्यांना मिळतं. गेलनला कोण पाजणार? त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हजारो माणसं मान खाली घालून गप्प. त्याला वाटलं, लोकांचा धीर सुटला. पोरं एकटी पडली बिचारी! आणि आयुष्यभर ट्रम्पेट फुंकून बघणारी ती छाती भरून घेऊन तो उभा राहिला आणि गरजला, "चला रे पोरांनो! आम्ही आहोत!"

मी दंड धरून खाली ओढला, तोच तो हात तुला दिसला. पण व्हायचं ते झालं. उजवीकडचं ते धिप्पाड पोरगं चेंडू हलायच्या आधीच उठलं. पंचाची शिट्टी, पिवळं फडकं, शिक्षा म्हणून पाच यार्ड मागे. कोच तरीही ऐकेना. चेंडू कोपऱ्यात फेकला, आपल्या पोराच्या बोटांना लागला आणि गवतावर पडला. एका गुणाने गेलो. आणि आमच्या आजूबाजूच्या सगळ्या रांगांनी वळून गेलनकडे बघितलं. तो मला हळूच विचारतो, "मार्लिस, मी काही चुकीचं केलं का?"

मग पार्किंगमध्ये पंचायत. हरल्याचं कारण ठरल्याशिवाय घरी जायचं नाही हा आपला नेमच. लाइलच्या पिकअपचं मागचं फळकूट पाडलेलं, जोलीनची खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल, आणि नॉर्बर्ट सर घडीची खुर्ची घेऊन हजर, तेच, तुला गणितात नापास करणारे. लाइलने सुरुवातच केली, "कारण शोधायला दुर्बीण कशाला हवी? कारण समोर उभं राहून चिली खातंय!" जोलीन त्याच्यावर डाफरली, "गप बस रे! एका म्हाताऱ्याच्या ओरडण्याने ते रेड्याएवढं पोरगं दचकतं होय? आणि पाच यार्ड मागे गेल्यावर तरी गुपचूप किक मारायला कोचच्या काय बापाचं जात होतं? हट्ट! निव्वळ हट्ट!" नॉर्बर्ट सर म्हणाले, "दोघंही चूक. दुसऱ्या क्वार्टरमध्ये अगदी समोरून किक हुकली, तिथेच तीन गुण गेले. पण शेवटची चूक सगळ्यांना दिसते, पहिलीला कुणी धरत नाही." लाइल म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असतं तर तुम्ही शाळेत कशाला राहिला असता?" शेजारच्या गाडीवाला, ना ओळख ना पाळख, हातातला सॉसेज नाचवत म्हणतो, "उशी उचललीत ना? मग भोगा!" तू असतीस तर तूही बाह्या सरसावल्या असत्यास. मला तुझी फार आठवण आली.

गेलन मधेच म्हणाला, "ओरडलो मीच. मला वाटलं पोरांना कुणी नाही. शिक्षा काय ती सांगा." पण लाइल पेटलेलाच होता. तो म्हणाला, "ड्वेन असता तर हे झालंच नसतं. ड्वेन तिथे बसलेला असायचा म्हणून आपण जिंकत होतो. तुला काय माहीत तो कोण होता!" आणि मग माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, लाइल, ड्वेन तिथे बसलेला नसायचा. ड्वेन गेला रे. तुम्ही सगळे येता, उशीला हात लावता, डोळे पुसता आणि आपापल्या माणसाला टेकून मॅच बघता. तुम्हाला तिथे ड्वेन दिसतो. मला दिसत नाही. मी त्याच्या शेजारी किती वर्षं बसले, मला माहीत आहे तो शेजारी असला की कसं वाटतं. मॅच रंगात आली की माझा गुडघा दाबायचा, काळानिळा पडेस्तोवर. आता त्या बाजूने नुसता वारा येतो. दोन हंगाम मी त्या वाऱ्यात बसले, का तर टीम जिंकतेय! गावासाठी बसले, कोरिनसाठी बसले, आता नाही बसवत. हे सगळं मी चारचौघांत, हातात चिलीचा वाडगा धरून, मोठ्याने बोलले. नॉर्बर्ट सर बुटांकडे बघत होते.

लाइल रडला गं. तोंडात दालचिनीचा रोल, आणि लहान पोरासारखा हमसून रडला. म्हणाला, "मार्लिस, ती उशी ठेवली की मला वाटायचं तो लघवीला गेलाय, येईल आत्ता." मग मी रडले, जोलीन रडली, आणि तो सॉसेजवालासुद्धा नाक पुसत आपल्या गाडीमागे गेला. मॅचचं कारण काही शेवटपर्यंत ठरलं नाही. निघताना लाइल गेलनसमोर उभा राहिला आणि रागावल्यासारखं करून म्हणाला, "पुढच्या मॅचला आपला चेंडू असला की मी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवणार. हात आहे तोवर तोंड बंद. हात काढला की काय बोंबलायचं ते बोंबल." गेलनने मान हलवली आणि विचारलं, "आणि आपला चेंडू आहे हे ओळखायचं कसं?" लाइलने आभाळाकडे बघून हात जोडले.

पण लाइलचं एक, तुझं वेगळं. त्याचा दोस्त गेला, तुझे बाबा गेले. तुला वाटत असेल, आई विसरली. नाही गं. अजून कोच चुकला की माझ्या तोंडून बाबांच्याच शिव्या येतात, त्यांच्याच चालीत. त्यांचा कोट मी अजून कुणाला दिलेला नाही. आणि गेलन मला आवडतो. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं ते मला समजावून सांगता येत नाही. तो भांडी घासताना शीळ घालतो. रस्त्यात बर्फ असलं की न विचारता माझ्या बाहेरच्या बाजूने चालतो. बाबांच्या गोष्टी मी सांगितल्या तर ऐकतो, आणि पुढच्या वेळी नावानिशी विचारतो. त्याने मला बाबांना विसरायला लावलं असतं तर मी त्याला दारातही उभा केला नसता.

आता हे पत्र का, ते सांगते. नोव्हेंबरात टीमला सुट्टीचा शनिवार आहे, मॅच नाही, आणि त्या दिवशी आम्ही लग्न करतोय. दुसऱ्या कुठल्या शनिवारी ठेवलं असतं तर पाद्रीसुद्धा आला नसता. हे अजून कुणालाच माहीत नाही, जोलीनलाही नाही. सगळ्यांच्या आधी तुला. फोन केला नाही तो मुद्दाम. माझा आवाज ऐकला असतास तर लगेच "बरं झालं आई, मला आनंद झाला" म्हणाली असतीस, आणि फोन ठेवून रडली असतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लहानपणी ताप आला तरी आधी मलाच म्हणायचीस, काळजी करू नकोस. तसला होकार मला नको. रागवायला तुला नीट सवड मिळावी म्हणून हे लिहिलं. दारं आपट, मला वाटेल ते बोल, बाबांसाठी पोटभर रड. परवानगी मी मागत नाहीये कोरिन, लग्न मी करणार. पण त्या दिवशी चर्चमध्ये तू माझ्याजवळ उभी असावीस एवढंच मागतेय. हसू नकोस. गेलनशी एक शब्द बोलू नकोस. त्याच्याकडे पाठ करून उभी राहिलीस तरी चालेल, मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, आणि तो म्हणाला, "तिचे बाबा आहेत, तिने वाटेल तितका वेळ घ्यावा." फक्त ये गं बाळा. तुझ्याशिवाय हे सुख मला पेलवणार नाही.

कितीही रागावलीस तरी तुझीच,
आई