आत्याबाईंचं घर विकायचं नाही

अहो,

दलाल आला की त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आत्याबाईंचं घर विकायचं नाही. माझं दुपारपर्यंत मौन आहे, फोन करून उपयोग नाही, म्हणून इथेच लिहिते.

वृद्धाश्रमाची एकरकमी ठेव भरायला घर विकावं लागणार, हे त्यांना सांगायचं कोणी, म्हणून आपण दोघं त्यांना टाळत होतो. काल आश्रम दाखवायला नेलं, तर त्यांनी तिथल्या नर्सबाईंनाच विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" त्या फार लांबून येतात. आत्याबाईंनी तिथल्या तिथे त्यांना आपलं घर भाड्याने देऊन टाकलं. ठेवीऐवजी दरमहा पैसे भरले तरी आश्रमाला चालतं; त्या भाड्यात महिन्याचा खर्च बराचसा भागतो, उरलेला आपण घालू.

मी हळूच म्हटलं, "ठेवच स्वस्त पडते, आत्याबाई." तर म्हणाल्या, "ठेव भरली की अडकले. आता तिथलं जेवण नाही आवडलं तर सरळ घरी येईन. नर्स असेलच घरात."

सकाळी जप करताना हे आठवून हसू आवरेना. देव समजून घेईल.

आम्ही दोघी खोली निवडायला जातोय. बोलायचं काम त्याच करतील.