पडवीकडच्या आतल्या दाराबाबत फेरविचाराची विनंती

प्रति,
मा. गृह-देखभाल अधिकारी,
तालुका कार्यालय, ओल्शिनेत्स.

विषय : पडवीत उघडणाऱ्या आतल्या दाराला थंडीरोधक अस्तर बसवून मिळणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : आपले ९ डिसेंबरचे नकारपत्र व १२ जानेवारीचे अभिनंदनपत्र.

महोदय,

१. अर्जदार आपल्या सासूबाई लेओकाडिया (वय ८३) यांच्यासह तालुक्याच्या मालकीच्या घरात राहतो. सबब दाराला खिळा मारायलाही आपली परवानगी लागते. सासूबाईंच्या खोलीचे दार पडवीत उघडते. पडवीला छप्पर आहे, भिंती आहेत, ऊब नाही. तिथे बटाटे आणि आंबवलेल्या कोबीचे पिंप असते, त्यावर जानेवारीत बर्फ धरतो. दाराखाली अंगठा जाईल एवढी फट आहे. गोधडी टांगून झाली, चिंध्या कोंबून झाल्या. दोन हिवाळ्यांत सासूबाईंना दोनदा न्यूमोनिया झाला. दार नीट होत नसेल तर त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात हलवा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. सासूबाईंचे म्हणणे, "मी ह्या घरातनं जाईन ती आडवीच."

२. पहिल्या अर्जावर उत्तर आले की, आतल्या दाराच्या दोन्ही बाजूंस घरच असल्याने थंडी येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर कोणीतरी थंडीला वाचून दाखवावे.

३. दुसऱ्या अर्जावर, तपासणीस श्री. पेत्रुचुक ८ जानेवारीस येतील, असे आठवडाभर आधी कळवण्यात आले. तिथेच घात झाला. अर्जदार कामावर गेला असता सासूबाईंनी आपल्या उशाजवळचा विजेचा हीटर उचलला आणि सकाळपासून पडवीत लावून ठेवला. श्री. पेत्रुचुक यांनी पडवीत बूट काढले, त्यांच्यासाठी शेकून ठेवलेल्या सपाता घातल्या, यंत्र धरले आणि "अठरा अंश" असे लिहून घेतले. खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, याची अहवालात नोंद नाही. सासूबाई मात्र खोलीत दोन कोट घालून कुडकुडत होत्या, याचीही नाही.

४. त्यानंतर आपले पत्र आले : पडवी उबदार ठेवल्याबद्दल अभिनंदन, दाराचे प्रकरण बंद.

५. अर्जदाराने सासूबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "अहो जावईबापू, पाव्हण्यानं बूट काढायचे कुठं? पडवीतच ना? मग काय गोठवायचा त्याला? दारी आलेला पाव्हणा म्हंजे देव, मग तो हापिसातला का असंना!" यावर अर्जदार त्यांच्यावर ओरडला. त्याची त्याला अजून लाज वाटते. तपासणीच्या दिवसापासून त्यांना पुन्हा खोकला लागला आहे, आणि अर्जदाराला आता भीती वाटते.

६. तरी सोबतचा दाखला पाहून, कागदावरच मंजुरी देऊन सुतार पाठवावा. तपासणीसच पाठवायचा असल्यास कृपया न कळवता पाठवावा. कळवल्यास सासूबाई हीटर पुन्हा पडवीत नेतील, आणि अर्जदार त्यांना अडवणार नाही.

आपला नम्र व गारठलेला,
झेनोन हारासिम्युक
१७ जानेवारी

सोबत : डॉक्टरांचा दाखला.