सावळी मागितली होती का?

मार्गशीर्ष, पहिला गुरुवार. डोंबिवली

आज आणलं: पूजेसाठी लक्ष्मीचा नवा मुखवटा एकशे ऐंशी, वेणी चाळीस. मुखवटा बघून आमची मृणाल म्हणाली, "आई, ही पण गोरीच मिळाली का गं?" म्हटलं, "अगं, दुकानात सावळी नव्हतीच." पण मी मागितली तरी होती का? मागितली असती तर दुकानदार हसला असता, की आतून काढून दिली असती? आरतीच्या वेळीही नजर त्या गुलाबी गालांवरच.

ठाण्याच्या वहिनींचा निरोप होता, स्थळाला दाखवायला मृणालचा फोटो जरा उजळ करून पाठवा. आरतीनंतर आहे तसाच पाठवला. खाली लिहिलं, "वहिनी, आमची मुलगी सावळी आहे. मंडळी काय म्हणतात, उलट टपाली कळवा."