खांदेमळणी झालेली लॉरी

मौजे काले, पवन मावळ
भाद्रपद शुद्ध द्वितीया, शके १८६८

रा. रा. नीळकंठराव यांस त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी डावा गुडघा सध्या रजेवर असल्याने आज सातच अंगे पोचती करीत आहे. आठव्याचे कारण पुढे क्लचच्या प्रकरणात येईल.) तुमची अर्धशिशी उतरली असेल अशी आशा आहे. चि. सौ. मथूला तिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या घरातून, आशीर्वाद. आमची लेक वेणू बाळंतपणाला माहेरी आली आहे हे तुम्हांस ठाऊकच आहे. नवरात्रात मोकळी होईल असे गणित आहे. बाकी इकडे पाऊस, चिखल आणि मी, तिघेही पूर्ववत.

आता तक्रार. चैत्रात तुम्ही ती लष्करी लिलावातली छोटी लॉरी, पुण्यात ठेवायला जागा नाही म्हणून, आमच्या गोठ्याशेजारी आणून उभी केलीत, तेव्हा चार चाके, दोन दिवे, मागचा उघडा हौदा आणि हँडल असे सर्व काही माझ्या स्वाधीन केलेत. पण गेरच्या दांड्याच्या टोकाला जे वाटोळे बोंड असावे लागते, ते दिले नाहीत. नुसता लोखंडी दांडा तळहाताला टोचतो, हे मी आमच्या रखमाजीला एकदाच, आणि तेही सहज म्हणून, बोललो. (रखमाजी म्हणजे आमचा जुना गडी. त्याच्याशी सहज म्हणून काही बोलू नये, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवे होते.) दुसऱ्या दिवशी दांड्यावर सुरेख गुळगुळीत सागवानी बोंड बसलेले. मी त्याची पाठ थोपटली. संध्येला उठलो, तर डाव्या खडावेची खुंटी कापून नेलेली! वाईच्या पाठशाळेत गुरुजींनी दिलेली जोडी ती. तेव्हापासून मी उजव्या पायात खडाव आणि डावा अनवाणी असा हिंडतो, आणि गावातली माणसे मला कसले व्रत आहे म्हणून विचारतात. या व्रताचे उद्यापन तुमच्याकडून व्हावे अशी अपेक्षा आहे.

तुमचे परवाचे कार्ड मिळाले. अनंत चतुर्दशी झाली की वलवणचा कोणी कोळशाचा व्यापारी येईल, गाडी पाहील आणि घेऊन जाईल, असे तुम्ही लिहिता. गाडी तुमची, गिऱ्हाईक तुमचे. मी मध्ये बोलणारा कोण? परंतु सज्जनाने दोष झाकून वस्तू विकू नये असे शास्त्र असल्याने, आणि तुम्ही सज्जन आहात असा आमच्या सासरकडचा समज असल्याने, या गाडीचे दोष तुमच्या कानांवर घालणे मला भाग आहे.

पहिला दोष, तिला लाज नाही. ज्येष्ठात मी तिला घेऊन कोंडाजीच्या भातखाचरात गेलो. (गेलो म्हणजे ठरवून नव्हे. रस्ता डावीकडे वळला, मी विचारात होतो.) गाडी बांधावरून उतरून चिखलात एका कुशीवर आडवी झाली. मी खिडकीतून वर निघालो, तो कोंडाजी म्हणतो, "शास्त्रीबुवा, लावणीला अजून टाइम हाय की!" मग दहाबारा जणांनी म्हैस उठवावी तशी तिला उठवली, रखमाजीने चिखल पुसून हँडलला एक हिसका दिला, आणि ती काहीच घडले नाही अशा थाटात गुरगुरू लागली. एखादी कुलीन मोटार असती तर महिनाभर पुण्यात कारखान्यात जाऊन पडली असती. हिच्या एका दिव्याची काच तेवढी गेली. तिथे आता तुमच्या मेव्हणीने दिलेले पितळी झाकण आहे. उजेड पडत नाही, पण शोभते.

दुसरा दोष, तिला आपली पायरी कळत नाही. हौद्यात भाताची किती पोती घालावीत याचा काही नियम असेलच; पण आंबेमोहोर लोणावळ्याच्या बाजाराला न्यायचा असला की लोक पोती घालतात, पोत्यांवर कोंबड्या घालतात, आणि कोंबड्यांवर स्वतः बसतात. ती फक्त थोडी बसकी होते आणि चालू लागते. आखाडात ओढ्यात रुतलेली एक बैलगाडी हिने दोर लावून काढली, आणि बैल सोडायचे राहिल्याने बैलांसकट काढली. ते दोन बैल तेव्हापासून हिच्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने मी पाठशाळेत वरच्या वर्गातल्या मुलांकडे पाहत असे.

तिसरा दोष म्हणजे तिचा गेर. हा मात्र गंभीर आहे. व्यापाऱ्यास आवर्जून सांगावा. गेर बदलायचा तर एकदा क्लच दाबून भागत नाही. दाबायचा, दांडा मधल्या रिकाम्या जागी आणायचा, सोडायचा, इंजिनाला जरा श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा दाबायचा आणि मग दांडा पुढच्या घरात घालायचा. घाई केली की आतून असा कडकडाट होतो की शेजारच्या गावात लोकांना वीज पडल्यासारखे वाटते. मला हे शिकवायला नूरमहंमद येत असे. (लढाईत त्याने लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या. त्याच्या सांगण्याप्रमाणे अर्धी लढाई त्यानेच जिंकली. उरलेल्या अर्धीबद्दल तो मौन पाळतो.) तो शेजारी बसून ओरडायचा, "पाय उचला! दाबा! आता न्हाई, आता! बुवा, तुमी लय इचार करता, तवर ती थांबती व्हय?" वैतागून शेवटी मी माझीच रीत काढली. पहिला दाब म्हणजे पूरक, मधली रिकामी जागा म्हणजे कुंभक, दुसरा दाब सोडणे म्हणजे रेचक. रोज संध्येत प्राणायाम करतोच, तो चालत्या गाडीत केला. त्या दिवसापासून गेर पडू लागला. आवाज मात्र होईच. आणि हळूहळू मला त्या आवाजाची सवयच झाली. खर्र वाजले की समजावे, पडला. डावा गुडघा याच साधनेत कामी आला आहे.

आता त्या आवाजाचे काय झाले ते ऐका, म्हणजे गाडी विकण्यास कशी नालायक आहे याची तुमची खात्रीच पटेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचे, आणि बैलाच्या कानात सांगायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मी ओटीवर बसून हे पाहत होतो. बैलांचे आटोपल्यावर रखमाजी वाडगा घेऊन लॉरीकडे वळला. मी म्हटले, "अरे, तिला कुठला खांदा?"

"आबा, चैतापासनं वरडती बगा. खांदा सुजल्याबिगर कोन वरडतंय?"

"तो गेर आहे, रखमाजी."

"नाव काय का असंना. वझं तितंच पडतंय न्हवं?"

ओझे तिथेच पडते हे खरे आहे. माझे सारे तर्कशास्त्र त्या एका वाक्यापुढे हात जोडून उभे राहिले, आणि मी संधीचा फायदा घेऊन आडावर हात धुवायला गेलो. परत येऊन पाहतो तर हा गाडीखाली उताणा! नूरमहंमदने तेल घालताना कुठला पेच फिरवला होता तो याने पाहून ठेवलेला. पेच काढून वाडगाभर हळद-लोणी बोटाबोटाने गेरच्या पेटीत चेपले, वर गंध लावले, आणि हेडलाइटच्या पितळी झाकणाशी तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." वेणू दारात उभी राहून इतकी हसली की तिच्या आईने तिला पोटाला हात लावून आत नेले. पुष्कळ दिवसांनी ती तशी हसताना मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी गावात कोणी बैल जुंपत नाही. पुरणपोळी खाऊन, झूल घालून ते मिरवतात. त्यांच्या खांद्यावर जू ठेवणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. रखमाजीने लॉरीलाही झूल घातली, पुढे पोळी ठेवली, आणि मला बजावले, "आज हिला हात लावायचा न्हाई. सुटी हाय." आणि नेमके दुपारी वेणूच्या पोटात दुखू लागले.

धोंडाबाई सुईण आली. तिने पोट चाचपले आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "भाऊ, माझ्या हाताचं हे काम न्हाई. लोनावळ्याला न्या." (धोंडाबाईने या पंचक्रोशीतली निम्मी माणसे जगात आणली. तिने असे म्हणणे मी आजवर ऐकले नव्हते.) बैल जुंपायचे नाहीत, आणि जुंपले तरी या चिखलात दुधिवऱ्याची खिंड चढून लोणावळ्यास पोचायला दिवस मावळता. नूरमहंमद ईदेआधी बहिणीला भेटायला सोमाटण्याला गेलेला. मी लॉरीकडे पाहिले, मग रखमाजीकडे पाहिले. सकाळी तिला सुटी देणारा तोच. त्याने काय केले असेल? झूल ओढून काढली, पोळी उचलून बैलाला चारली, आणि म्हणाला, "आज ती बैल न्हाई. चला."

हौद्यात गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. वेणू, तिची आई आणि धोंडाबाई मागे, मी हाकायला. रखमाजी शेजारी बसेना. खिंडीत बैलगाडी मागे घसरू नये म्हणून गाडीवान चाकामागे धोंडा लावीत चालतो, तसा तो हातात धोंडा घेऊन लॉरीमागून चालायचे म्हणाला. आणि पहिल्या गेरात ती माणसाच्याच चालीने चढते, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. सपाटीवर हौद्यात, आणि चढ लागला की खाली उतरून धोंडा, असे ठरले.

खिंडीचे शेवटचे वळण तुम्ही पाहिले आहे. तिथे दुसऱ्यावरून पहिल्यावर यावेच लागते, आणि चुकले तर गाडी मागे येते. पूरक केला, कुंभक केला, दांडा ओढला. आवाजच नाही. लोण्यात सुरी जावी तसा दांडा सरकला. आता पंचाईत पाहा. इतके दिवस खर्र वाजले की पडला, हेच माझे प्रमाण. आणि आज खर्र नाही. गेर पडला आहे की मी मधल्या रिकाम्या जागेत बसलो आहे, हे सांगणारे काहीच नाही. मागे रखमाजी धोंडा घेऊन, त्याच्यापुढे वेणू. मी डोळे मिटले. (वळणावर डोळे मिटणे चूक, हे नूरमहंमद परत आल्यावर म्हणाला. तो तिथे नव्हता.) पाय सोडला. लॉरी एक क्षण उभी राहिली, आणि मग चढू लागली.

वर पोचेपर्यंत गेरची पेटी तापली, आणि सगळ्या खिंडीत लोणी कढवल्याचा वास सुटला. मागून ताडपत्रीतून वेणूचा आवाज आला, "बाबा, तूप करपतंय हो!" तिच्या कळा चालू होत्या, तरी म्हणाली.

लोणावळ्यास डॉक्टरीणबाईंनी तपासले. त्या कळा खऱ्या नव्हत्या, अजून वेळ आहे. रात्रीच्या आत आम्ही घरी परत आलो. गेरमधले लोणी नूरमहंमदने दुसऱ्या दिवशी धुऊन काढले आणि तेल भरले. तो दातओठ खात होता. पण गेरच्या दात्यांना एक ओरखडासुद्धा नाही, हे त्याने दोनदा पाहून सांगितले. तर अशी ही गाडी. लोणी खाते, खाचरात लोळते, पोळ्याला राबते. वलवणच्या सद्गृहस्थाने असले ध्यान घेऊन करायचे काय?

तुमच्या प्रकृतीस जपावे. अर्धशिशीवर सुंठ उगाळून लावावी. गुण येत नाही, पण आपण काही केले असे वाटते.

आपला,
त्र्यंबक

ता. क. हे पत्र व्यापाऱ्यास वाचून दाखवणार असाल तर तिसऱ्या दोषापर्यंतच दाखवावे. पुढचे ऐकून तो गाडी आजच न्यायला येईल.

ता. क. दुसरा. खडावेच्या खुंटीबद्दल लिहिले ते मनावर घेऊ नये. ती दांड्यावरच शोभते. गाडीबरोबर गेली तरी चालेल. पण दसऱ्याच्या आधी जाऊ नये.

ता. क. तिसरा. हे घरात कोणास माहीत नाही, म्हणून मथूला सांगू नये. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की मूल पायाळू आहे, कळा सुरू होताच घेऊन या, उशीर करू नका. आधीपासून ठेवून घ्यायला दवाखान्यात खाट नाही. गेल्या खेपेस वेणूच्या सासरी बैलगाडी ओढ्याला अडली आणि मूल गेले, हे तुम्ही जाणताच. तेव्हा मी तिथे नव्हतो. या वेळी मी आहे. नीळकंठराव, वेणू मोकळी होईपर्यंत गाडी राहू द्या. मला फार भीती वाटते.